गच्चीवरची आई, एसीची खोली आणि सार्वकालिक जीवन

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. वडील भुसावळला रेल्वेत खलाशी होते. आम्ही पाच जण एका खोलीच्या क्वार्टरमध्ये वाढलो. आज जळगावात माझा बंगला आहे, गाडी आहे, दोन खोल्यांत एसी आहे. आई मात्र ऐन मे महिन्यातही एसीत झोपत नाही. 'माले त्या खोलीमा करमस नही' म्हणते आणि गच्चीवर सतरंजी टाकते. मागे एका उज्जीवन सभेत, म्हणजे विश्वास नव्याने जागवण्याच्या सभेत, वक्ते म्हणाले, देहाला सुखाची चटक लागली की आत्मा स्वर्गाची वाट विसरतो. तेव्हापासून मला वाटते, आई बरोबर आहे आणि मी चुकतोय. त्याआधी दुसऱ्या सभेत ऐकले होते की श्रीमंती हाच देवाच्या आशीर्वादाचा पुरावा. मी हे सगळे सोडून द्यावे का? सार्वकालिक जीवनाची तयारी नेमकी करायची तरी कशी?

उत्तर :

सलाम भाऊ. तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना वक्त्यांची वाक्ये लक्षात राहिली, दुसऱ्यांदा तुमच्या आईचे. आईच्या वाक्याकडे मी शेवटी येतो, कारण मला वाटते ते तुम्ही नीट ऐकलेले नाही.

आधी एसीचे उरकून टाकू. भुसावळ-जळगावचा मे महिना ज्याने काढला आहे, त्याला थंड खोली ही चैन आहे असे कोणी सांगू नये. पारा ४५ च्या पुढे गेला की भिंतीसुद्धा रात्री दोनपर्यंत गरम असतात. तापाच्या लेकराला, बाळंतिणीला, रक्तदाबाच्या माणसाला थंड खोलीत निजवणे हे पाप असेल, तर मग पंख्याचे बटणही पापच. आपला प्रभू लग्नाला गेला, पंक्तीला बसला. लोकांनी त्याला 'खादाड व दारूबाज' म्हटले, हे मत्तयानेच लिहून ठेवले आहे. आणि प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला जे पहिले पत्र लिहिले, त्याच्या सहाव्या अध्यायात धनवानांना ताकीद देता देता तो म्हणतो की देव आपल्याला उपभोगासाठी सर्व काही विपुल देतो. उपभोगासाठी! हा शब्द आपले कडक उपदेशक वाचतात आणि पान उलटतात. त्याच अध्यायातले दुसरे वचन मात्र अर्धेच सांगतात. द्रव्य हे वाइटाचे मूळ असे पौल म्हणत नाही, द्रव्याचा लोभ म्हणतो. लोभाला बंगला लागत नाही. एका पत्र्याच्या खोलीतही तो सुखाने नांदतो, हे मी ३४ वर्षांच्या पाळकपणात पुरेसे पाहिले आहे.

दुसऱ्या वक्त्यांबद्दल थोडक्यात. देवाला इतके द्या म्हणजे देव तितक्याच्या दसपट देईल, हा हिशेब ज्यांनी तुम्हाला सांगितला त्यांनी दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला देणे, शिकवला नाही, भिशी शिकवली. ईयोब नीतिमान होता आणि राखेत बसला होता. येशूच्या दाखल्यातला भिकारी लाजर कुत्र्यांच्या संगतीत मेला आणि अब्राहामाच्या उराशी गेला. श्रीमंती हा पुरावा असता तर ह्या दोघांचे काय करायचे? यापेक्षा जास्त शाई त्यावर खर्च करू नये.

आता तुमचा खरा प्रश्न : सोडून द्यावे का?

मार्काच्या दहाव्या अध्यायात एक माणूस धावत येऊन येशूपुढे गुडघे टेकतो आणि जवळजवळ तुमचाच प्रश्न विचारतो : सार्वकालिक जीवन मिळावे म्हणून मी काय करावे? येशू त्याच्याकडे पाहतो, त्याच्यावर प्रीती करतो (हे मार्क मुद्दाम नोंदवतो) आणि सांगतो, जा, असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे. तो खिन्न होऊन निघून जातो. मग ते वचन येते : धनवानाने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे. तुम्ही कुठेतरी ऐकले असेल की यरुशलेमेत 'सुईचे नाक' नावाचा एक ठेंगणा दरवाजा होता, उंट ओझे उतरवून गुडघ्यांवर त्यातून जात असे. मीही तरुणपणी दोन उपदेशांत हा दरवाजा वापरला आहे. पण येशूच्या काळी असा दरवाजा असल्याचा काहीच पुरावा नाही. ते स्पष्टीकरण फार नंतरच्या शतकांत आले. श्रीमंतांना थोडे वाकून आत जाता यावे म्हणून कोणीतरी ती सोय केली असावी. येशू सोय करत नाही. तो म्हणतो, माणसांना हे असाध्य आहे, देवाला नाही. म्हणजे एसी विकून, गाडी विकून तुम्हाला स्वर्गाचे तिकीट काढता येणार नाही. तारण कृपेने आहे, इफिसकरांच्या पत्रातले ते वचन शब्बाथशाळेत तुम्ही पाठ केलेच असेल.

पण मग त्या माणसालाच 'विकून टाक' का सांगितले? जकातदार जक्कयाने आपले निम्मे धन दिले, तर प्रभूने उरलेले निम्मे मागितले नाही. मार्था-मरीया ह्या बहिणींचे घर विकायला लावले नाही, उलट तिथे जेवला. ह्या प्रश्नावर मंडळीने, म्हणजे चर्चने, फार जुन्या काळापासून विचार केला आहे. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास, कोणत्या धनवानाचे तारण होते याच विषयावर एक संपूर्ण निबंध लिहिला. त्याचा रोख असा की धन हे अवजार आहे, ते कोणाच्या हातात आहे ते पाहा. मला हे पटते, पण पूर्ण नाही. विळा हातात धरणारा माणूस संध्याकाळी विळा खाली ठेवतो. पैसा खाली ठेवताना मी फार थोडे लोक पाहिले.

लूकच्या बाराव्या अध्यायातल्या धनवानाकडे या. त्याला भरघोस पीक आले, जुनी कोठारे मोडून मोठी बांधायचे त्याने ठरवले, आणि त्याच रात्री देवाने त्याला 'मूर्खा' म्हणून त्याचा जीव मागितला. आपल्याकडे हंगामाच्या सणाला हाच दाखला वाचतात. मंडळी ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, केळीचा घड, एखादी कोंबडी घेऊन येते, उपासनेनंतर लिलाव होतो, वीस रुपयांचे लिंबू पाचशेला जाते, सगळे हसतात. आणि पाळक त्या कोठारवाल्याला मूर्ख ठरवून मोकळा होतो.

मीही होत असे. पण कापसाने मला थांबवले. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलमागे दहा हजारांच्या वर गेला, तो तुम्हालाही आठवत असेल. पुढच्या वर्षी तोच भाव परत येईल म्हणून गावोगावी लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. ओसरीत कापूस, देवघराला लागून कापूस, खाटेखाली कापूस. आमच्या मंडळीतल्या एका घरी मी प्रार्थनेला गेलो तर बसायला जागा नव्हती. लेकरांच्या अंगाला खाज सुटलेली, रात्री खाजवून खाजवून रक्त काढलेले. वजन रोज घटत होते आणि भाव सात-आठ हजारांच्या आसपास घुटमळत होता. मी तिथे बसून कोठारवाल्या मूर्खाचा दाखला सांगू का? त्या माणसावर बियाण्याचे, खताचे, बोंडअळीच्या फवारणीचे कर्ज होते. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून थांबणे हा लोभ नव्हे. योसेफाने मिसरात (इजिप्तमध्ये) दुष्काळाच्या आधी सात वर्षे पिकाचा पाचवा हिस्सा साठवला, तर पवित्र शास्त्र त्याला शहाणा म्हणते.

त्या रात्री घरी येऊन मी दाखला पुन्हा वाचला. साठवणे योसेफानेही केले आणि ह्या धनवानानेही, मग फरक कुठे? हा धनवान विचार करतो तो आपल्या मनाशी. माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझा माल. शेवटी बोलतो तेही आपल्याच जिवाशी : 'हे जिवा, विसावा घे, खा, पी, आनंद कर.' त्या सबंध गोष्टीत दुसरे माणूसच नाही. बायको नाही, सालदार नाही, शेजारी नाही, पीक कापणारे हात नाहीत. आणि दाखल्याची सुरुवात पाहा, पीक आले ते जमिनीला. जमीन पिकवते, मजूर कापतात, आणि हा एकटा बसून स्वतःशी बोलतो. देव त्याच्याशी बोलतो ते ह्या गोष्टीतले पहिले बाहेरचे बोलणे, आणि तेही त्याच्या शेवटच्या रात्री. योसेफाच्या कोठारांपुढे मात्र भुकेल्यांची रांग होती.

सुखाचा धोका मला इथे दिसतो. ते शरीराला बिघडवते की नाही मला ठाऊक नाही. दार मात्र ते हळूच लोटून घेते, आणि एसीचे दार तर बंदच ठेवावे लागते, नाहीतर बिल वाढते.

आता एक माझे सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल पाळक उंच जागेवरून बोलतो आहे. गिरणाकाठी आमची वडिलोपार्जित चार एकर. वडील गेल्यावर वाटणी झाली तेव्हा विहीर भावाच्या बाजूला गेली. कशी गेली ते मी लिहीत नाही, लिहायला लागलो तर मला अजून राग येईल. मी दरवर्षी हंगामाच्या सणाला हा दाखला सोळाव्या वचनापासून वाचायचो. एका वर्षी वाचन करणाऱ्या मुलाने चुकून तेराव्यापासून सुरुवात केली : 'गुरुजी, मला माझ्या वडिलांच्या मालमत्तेचा वाटा देण्यास माझ्या भावाला सांगा.' हा दाखला मुळात वाटणीच्या भांडणातून निघाला आहे, हे मला पाठ असूनही मी इतकी वर्षे तिथे थांबलो नव्हतो. समोर बायको बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले, बस्स. त्या दिवशीचा उपदेश मंडळीत कोणाला आठवत नसेल, फार वाईट झाला. पुढे दोन वर्षांनी मी कागदावर सही केली. विहीर भावाचीच आहे. त्याच्या शेतातली केळी कापणीला आली की मला अजून जरा टोचते. एसी नव्हता, गाडी नव्हती, तरी चार एकरांनी मला धरून ठेवले होते.

म्हणून तुम्ही काय सोडावे हे मी सांगू शकत नाही. तुम्हाला कशाने धरले आहे ते तुम्ही शोधायचे. बहुधा ते तुमच्या यादीत नाही.

तयारी म्हणजे काय, हे मला रेल्वेच्या एका निवृत्त गार्डने शिकवले. भुसावळच्या मंडळीतला माणूस, हातात थोडा पैसा, मनाने मोठा. अडीनडीला सगळे त्याच्याकडे जात. व्याज घेत नसे, पण वहीत लिहून ठेवी. शेवटच्या आजारात त्याने मला बोलावले आणि उशाखालून वही काढली. म्हणाला, 'पाळकसाहेब, रोज सकाळी प्रभूची प्रार्थना म्हणतो. जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, असे तोंडाने म्हणतो, आणि डोके ह्या वहीवर असते.'

आपल्या मराठी शास्त्राने तिथे मत्तयात 'ऋण' हाच शब्द ठेवला आहे. आपण तो इतका घोकतो की त्यात पैसा असतो हेच विसरतो.

वहीत २३ नावे होती. एकेक नाव वाचून तो रेघ मारत गेला, मुलाला पाठवून त्या त्या घरी निरोप द्यायला लावला. मोठ्या रकमा पटापट सुटल्या. एक नाव राहिले, अठराशे रुपयांचे. तो माणूस बाजारात ह्याला पाहून रस्ता बदलायचा, ते ह्याला लागले होते. तीन आठवडे ते नाव तसेच. मग म्हणाला, 'त्याला बोलवा.' तो आला, स्टुलावर अवघडून बसला. तासभर दोघे पार्सल ऑफिसातल्या जुन्या साहेबांची नक्कल करत हसले. पैशाचा विषय कोणीच काढला नाही. तो गेल्यावर ह्याने पेन मागितले.

योहानाच्या सतराव्या अध्यायात सार्वकालिक जीवनाची व्याख्या प्रभूच्याच तोंडी आहे : एकच खरा देव आणि त्याने पाठवलेला येशू ख्रिस्त यांना ओळखणे. तिथे सोन्याचे रस्ते नाहीत. ओळख आहे. आणि ओळख इथेच सुरू होते. पाचव्या अध्यायात तर तो म्हणतो, विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात पार गेला आहे. गेला आहे, जाईल नव्हे. नवापूरचे स्टेशन तुम्ही पाहिले असेल, अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. तिथे एक बाक आहे, त्यावर एक माणूस दोन्ही राज्यांत बसतो. माझ्या सेवेची पहिली वर्षे त्या भागात गेली. पॅसेंजरची वाट पाहत त्या बाकावर बसलो की हे वचन आठवे. पलीकडचे राज्य लांब नाही, सरकून बसायचे आहे. पण मध्ये गाठोडे ठेवले असेल तर सरकता येत नाही.

आता काही कामाचे बोलू.

बंगला कोणी बांधला? ज्या मिस्त्रींनी, ज्या बायांनी पाट्या उचलल्या त्यांची मजुरी पूर्ण चुकती झाली का, ठेकेदाराकडे बोट न दाखवता चौकशी करा. शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणे सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असे पवित्र शास्त्रातल्या आपल्या पत्रात याकोब लिहितो. घराच्या समर्पणाच्या प्रार्थनेला तुम्ही मंडळीतले वडील, ऑफिसचे साहेब सगळे बोलावले असतील. त्या मजुरांना बोलावले होते का? नसेल तर नाताळ आहेच.

दुसरे, खर्चाचा एक आकडा ठरवा आणि पगार वाढला तरी तो हलवू नका. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीबद्दल सांगतात की ऑक्सफर्डला असताना त्याला वर्षाला ३० पौंड मिळत, २८ मध्ये तो भागवी. पुढे ६० मिळू लागले, ९० मिळू लागले, तरी खर्च २८ च, बाकीचे वाटून टाकी. तुम्हाला लेकरांची फी आहे, घराचे हप्ते आहेत, वेस्लीइतके जमणार नाही. मलाही जमले नाही. पण आकडा असला की पुढची वाढ आली तेव्हा निदान आपण काय करतो आहोत ते कळते.

तिसरे, मृत्युपत्र करा. तुम्ही दचकाल, वय काय आहे माझे म्हणाल. पण आजारी हिज्कीया राजाला यशया संदेष्ट्याने जो निरोप दिला तो 'आपल्या घराची निरवानिरव कर' असाच होता, आणि निरवानिरव ह्या शब्दात कागदही येतात. मी कबरस्तानात माती टाकायच्या आधी भाऊ-बहीण भांडताना पाहिले आहेत. आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर त्यात पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना, मुलगा-मुलगी सारखेच. हे चांगलेच आहे. पण मुले असताना आईला त्यात वाटा नाही. उद्या तुम्हाला काही झाले तर ज्या घराच्या गच्चीवर ती झोपते, त्यावर तिचा कायद्याने काहीच हक्क राहत नाही. साध्या कागदावर लिहा, दोन साक्षीदारांसमोर सही करा, त्यांच्या सह्या घ्या. वकिलाला एकदा दाखवा. स्वर्गाची तयारी म्हणून मी मंडळीत हे सांगतो तेव्हा काही लोक हसतात. त्यांना हसू द्या.

आता आईचे वाक्य. तुम्ही ते वक्त्यांच्या वाक्याला जोडले आणि समजलात की आई सुखाला पाप मानते. ती असे म्हणाली नाही. ती म्हणाली, करमस नही. भाऊ, करमत नाही हे माणूस पापाबद्दल म्हणत नाही, एकटेपणाबद्दल म्हणतो. रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर जिचे आयुष्य गेले, जिला रात्री दहापर्यंत शेजारणींचे आवाज लागतात, तिला तुम्ही बंद दाराच्या, बंद खिडकीच्या खोलीत ठेवता. गच्चीवर निदान शेजारच्या गच्चीवरची माणसे बोलताना ऐकू येतात. तिचे त्याग-वैराग्य वगैरे काही नसावे. असलेच तर ते तिला विचारा, मला नको. गेल्या महिनाभरात तिच्याकडे कोण कोण बसायला आले, हेही विचारा. घरसभा, म्हणजे घरातली प्रार्थनासभा, तुमच्याकडे ठेवा, आणि जिन्यात ठेवू नका, चांगल्या खोलीत ठेवा, एसी लावा, आजूबाजूच्या म्हाताऱ्या बायांना बोलवा. विजेचे बिल येईल. येऊ द्या.

पुढच्या महिन्यात मला जळगावला काम आहे. रात्रीचा मुक्काम तुमच्याकडे करीन म्हणतो. आईला सलाम सांगा, आणि सांगा की जेवण झाल्यावर मी गच्चीवर तिच्याशी गप्पा मारायला येणार आहे. झोपायला मात्र मला एसीची खोली द्या, वय झाले.